निंबाखालचा पत्रा

पत्रा सापडला तेव्हा त्याच्यावर कुरड्या वाळत घातल्या होत्या.

अकोल्याहून दोन-तीन कोसांवरच्या एका खेड्यात, एका म्हातारीच्या अंगणात, खाटेवर तो आडवा ठेवलेला होता. दोन हात लांब, हातभर रुंद आणि एका टोकाला दुमडलेला. तो आमच्या विमानाच्या डाव्या कुशीचा पत्रा होता. आदल्या दिवशी दुपारी तो उडत्या विमानातून सुटला, मागे शेपटीवर आदळला आणि तिला खड्डा पाडून खाली कुठंतरी गेला. वैमानिकाने विमान कसंबसं तळावर उतरवलं. शेपटीचा तो भाग आणखी वाकला असता तर ते उतरलंच नसतं.

माझ्याबरोबर आमचे मिस्त्री होते. पन्नाशीचे, अकोल्याच्याच एका मोहल्ल्यातले, उमेदीची सगळी वर्षं कापसाच्या जिनिंगच्या यंत्रांवर घालवलेले. तळावर सगळे त्यांना चाचा म्हणत. मीही म्हणत असे.

"माय, हा पत्रा सरकारी आहे," मी म्हणालो. "आम्हाला परत न्यायचा आहे."

म्हातारीने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "सरकारनं मले इचारून टाकला काय वावरात? बैल असे बुजले का वखरासकट नाल्यात गेले. कोनाच्या टाळक्यात पडला असता तं?"

"पडला नाही ना, माय," चाचा म्हणाले. "अल्लाची मेहेरबानी."

"मेहेरबानी तुह्या अल्लाची, पन पत्रा माह्या वावरातला. कुरड्या वाळू दे, मंग ने. असा पत्रा माह्या जन्मात नाई भेटला, बाप्पा. नुसत्या बाजेवर दोन दिवस लागते, याच्यावर एका उन्हात वाळते."

सरकारी माल जप्त करण्याचा अधिकार माझ्याकडे होता, पण तो कुरड्यांवर कसा चालवायचा हे मला कोणी शिकवलं नव्हतं. आम्ही ओसरीच्या सावलीत बसलो. म्हातारीने दोन वाट्यांत गव्हाचा चीक आणि वर गुळाचा खडा आणून दिला. चाचांनी तो खाल्ला खरा, पण त्यांचं सगळं लक्ष त्या पत्र्याकडे होतं.

लढाईचे दिवस होते. अकोल्याबाहेर काळी जमीन सपाट करून, मुरूम टाकून विमानतळ केला होता. छप्पर असलेली जागा नव्हतीच. लहान विमानं उघड्यावर उन्हात उभी असत. टपाल, कागद आणि एखादा अधिकारी घेऊन ती जात-येत. मी अमरावतीच्या कॉलेजातून नुकताच बी. एस्सी. होऊन आलो होतो. माझे वडील नांदगाव खंडेश्वरला भिक्षुकी करत. घराण्यात कॉलेजाची पायरी चढलेला मी पहिला. शाळेतल्या गुरुजींनी वडिलांची समजूत घातली म्हणून मी पुढे शिकलो, आणि अमरावतीत सात घरांनी वार दिले म्हणून उपाशी राहिलो नाही. ते ऋण आठवलं की आजही मान खाली जाते, आणि बरं वाटतं.

तळावर माझं काम दुभाष्याचं. विमानाच्या देखभालीचं इंग्रजी पुस्तक सकाळी मिस्त्रींना आणि त्यांच्या माणसांना आपल्या बोलीत समजावून सांगायचं, आणि त्यांचं म्हणणं इंग्रजीत साहेबाला सांगायचं. हे झालं की मी कचेरीत जाऊन कागद लिहीत बसे. भिक्षुकाचा मुलगा म्हणून चाचा मला पंडत म्हणत. बाकीचे म्हणत, "पंडत, आज इमानाची पूजा सांगतं काय?"

ऊन उतरलं तेव्हा म्हातारीने कुरड्या सुपात काढल्या. चाचांनी पत्रा उचलला, उलटा केला आणि माझ्यासमोर धरला.

"हे पाय, पंडत. हे पाय."

पत्र्याच्या कडेने ओळीने फिरक्या होत्या. फिरकी म्हणजे बोटाच्या पेराएवढा खिळा. त्याच्या डोक्यावर खाच असते. पेचकस लावून थोडं फिरवलं की तो विमानाच्या अंगातल्या तारेच्या कडीत अडकतो आणि पत्रा घट्ट बसतो. खाच आडवी झाली की बंद, उभी असली की उघडी. पत्र्यावर तशी रंगाची खूण असते. त्या पत्र्यावरच्या सगळ्या खाचा बंदच्या खुणेवर होत्या.

"मी बंद केल्या होत्या," चाचा म्हणाले. "एकूनएक. खुदा कसम."

मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. पण विश्वास ठेवणं माझ्या हातातलं होतं, निकाल साहेबाच्या.

साहेब गोरा, तरुण आणि शिस्तीचा माणूस होता. वाईट नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने आम्हा दोघांना बोलावलं. टेबलावर तो दुमडलेला पत्रा होता.

"हा दुसरा पत्रा," तो म्हणाला. "मागच्या महिन्यात एक गेला, तेव्हा मी ताकीद दिली होती. काल दुपारी मी स्वतः दुसऱ्या विमानाचा असाच पत्रा काढला आणि परत लावला. अलगद बसला. म्हणजे दोष पत्र्यात नाही, विमानात नाही. दोष लावणाऱ्या हातात आहे."

मी भाषांतर केलं. चाचा ताठ उभे होते.

"साहेबाले सांग, फिरक्या मी बंद केल्या होत्या."

"फिरकी अडकली की टक् असा आवाज होतो," साहेब म्हणाला. "त्यांनी तो ऐकला का?"

चाचांनी क्षणभर विचार केला. "नाही ऐकला. बाजूले दुसरं इमान घरघर करून राहिलं होतं. मी खूण पाह्यली. झूट काहून बोलू?"

दुसऱ्या कोणी सरळ 'ऐकला' म्हटलं असतं. मी ते वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. साहेबाने कपाळावर हात फिरवला.

"शेपटी दुरुस्त होईपर्यंत मी थांबतो. तोवर कारण सापडलं तर सांगा. नाहीतर मिस्त्री आणि त्यांची सगळी माणसं घरी जातील. मी बाहेरच्या तुकडीसाठी तार केली आहे. यापुढचा पत्रा माणूस घेऊन खाली जाईल, आणि ते मला चालणार नाही."

ते म्हणणं चुकीचं नव्हतं, म्हणून जास्तच लागलं. बाहेर आल्यावर चाचा एवढंच बोलले, "माह्या मागं आठ घरं हायेत, पंडत. सगळ्यायले मीच आनलं हितं."

मी ठरवलं की कचेरीतले कागद थांबले तरी चालतील. दुसऱ्या विमानाचं काम पुढच्या दिवशी होतं. पत्रे उघडल्यापासून बंद होईपर्यंत मी तिथून हललो नाही. आजवर मी पुस्तक वाचून निघून जात असे. पत्रा परत बसताना मी कधी पाहिलाच नव्हता.

"पंडत आज मुहूर्त काढून राहिला वाटते," एकजण म्हणाला.

"पत्र्याची कुंडली पाहून राहिलो," मी म्हणालो. "मंगळ आहे की काय ते."

उजाडताच पत्रे निघाले. आतल्या तारा तपासल्या, वंगण दिलं. काढलेले पत्रे दोघांनी उचलून मैदानाच्या कडेच्या कडूनिंबाखाली नेले, ओल्या पोत्यावर मांडले आणि वरून आणखी ओली पोती टाकली. हे मी रोज लांबून पाहत आलो होतो. मला वाटायचं धुळीसाठी करतात. आमच्या वऱ्हाडात उन्हाळ्यात जे काही जपायचं ते ओल्या पोत्याखाली जातं. विड्याची पानं, भाजी, पाण्याचा माठ. तसे पत्रेही. कोणाला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं.

पेट्रोलची लॉरी उशिरा आली. इंजिनाची चाचणी लांबली. पत्रे बसवायला घेतले तेव्हा सूर्य डोक्यावर होता.

"थांबा," मी म्हणालो. "एक बाजू मी धरतो."

निंबाखालून पत्रा उचलला तो माठाच्या पोटासारखा गार होता. तो घेऊन मी विमानाशी गेलो आणि तोल सावरायला दुसरा हात विमानाच्या कुशीला टेकवला. पुढच्याच क्षणी मी ओरडलो. तळहातावर तव्याचा चटका बसावा तसं झालं.

सगळे हसले. "पंडत, म्हणून तं पत्रे सावलीत ठेवतो आमी!"

चाचांनी पत्रा जागेवर धरला. पुढच्या टोकाच्या फिरक्या पटापट बसल्या. मागच्या टोकाला भोकं जुळेनात. फार नाही, तिळाएवढा फरक. चाचांनी कमरेची टोकदार सळई काढली, भोकात घालून पत्रा किंचित ओढून धरला आणि फिरकी फिरवली. खाच बंदच्या खुणेवर आली. जिनिंगमध्ये झाकणाची भोकं अशीच ओढून जुळवतात. तिथे जाड लोखंड असतं आणि खाली नट असतो. इथे फिरकीला नुसती तारेची कडी होती.

"चाचा, आवाज आला?"

चाचा थांबले. त्या वेळी जवळ कुठलंच इंजिन चालू नव्हतं. मैदानात नुसता उन्हाचा शुकशुकाट होता. "नाही आला," ते हळूच म्हणाले.

त्या क्षणी मला अमरावतीच्या कॉलेजातली प्रयोगशाळा दिसली. पितळेची कांडी एका नळीत ठेवून तिच्यातून वाफ सोडायची आणि ती किती लांबते ते मोजायचं. मी तो प्रयोग परीक्षेसाठी केला आणि परीक्षेनंतर विसरलो होतो. आमच्या प्राध्यापकांनी सांगितलं होतं की रेल्वेच्या रुळांत फट ठेवतात ती याच्यासाठी. धामणगावच्या फलाटावर उभं राहून मी ती फट कितीदा पाहिली होती. विमानाचं अंग उन्हात तापून लांबलं होतं. पत्रा पोत्याखाली गार होऊन आखडला होता. तिळाएवढा फरक तोच होता, आणि काम लांबून भर दुपार झाली तरच तो एवढा वाढे.

आणि साहेबाला दोष का सापडला नाही तेही कळलं. त्याने पत्रा काढला तो तापलेला, लावला तोही तापलेलाच. आमचा पत्राही बसवल्यावर उन्हात तापून परत लांबला की वरून सगळं ठाकठीक दिसे. पण फिरकी तोवर तारेवर नुसती टेकलेली, अडकलेली नाही. इंजिनाचा हादरा बसला की एक सुटे, मग दुसरी, मग वारा आत शिरे.

मी ते विमान उडू दिलं नाही. पत्रा उतरवून उन्हात ठेवायला सांगितला. मग चाचांना निंबाखाली नेलं आणि सगळं सांगितलं.

त्यांनी वाकून एका पोत्याची ओली कड चिमटीत धरली.

"हे पोत्याचं मीच काढलं," ते म्हणाले. "मागच्या उन्हाळ्यात एका पोराच्या हाताची चामडी निघाली होती पत्र्यानं. त्याची बायको माह्या घरी येऊन रडली. तवापासून."

"चाचा, तुम्ही हात वाचवायला केलं."

"अन् इमान पाडलं असतं." त्यांचा आवाज चढला. "तू आता साहेबाले जाऊन सांगशील का चाच्यानंच केलं. फिरक्या बंद केल्या, हे खरं. अन् त्या बंद नव्हत्या, हे बी खरं. मंग माह्या कसमेले काय किंमत राह्यली?"

मी म्हणालो, "तुम्ही म्हणाल तसं सांगतो. पोत्याचं कोणी काढलं हे साहेबाला कळायची गरज नाही. कारण सापडलं, एवढं पुरे."

चाचांनी माझ्याकडे वळून पाहिलं.

"वा रे पंडत. दक्षिणा घेऊन पापं धुतं काय?" मग ते उठले, खांद्यावरचा रुमाल झटकला. "चाल. मी बोलतो, तू फकत इंग्रजी कर. एक शब्द खाल्ला तं याद राख."

साहेबासमोर ते जे बोलले त्यातला एकही शब्द मी खाल्ला नाही. पोती कोणी आणली, का आणली, सळईने भोकं कशी ओढली, सगळं. कॉलेजातल्या कांडीचा प्रयोग मी माझा म्हणून शेवटी जोडला. साहेब ऐकत होता. पोत्यांचं कारण ऐकून त्याच्या भुवया वर गेल्या. शेवटी तो मला म्हणाला, "तुमची कांडी आणि वाफ मला माहीत आहे. पण विमान कांडी नाही. मला दाखवा."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी आम्ही दाखवलं. तळावरची सगळी माणसं गोळा झाली. शेपटी दुरुस्त झालेलं तेच विमान होतं. नवीन पत्रा सकाळपासून ओल्या पोत्याखाली ठेवला होता. चाचांनी तो आणून लावला. इंजिनं बंद ठेवली होती. पुढच्या फिरक्या टक् टक् वाजल्या. मागच्या फिरवल्या तेव्हा आवाजच आला नाही. खाचा मात्र सगळ्या खुणेवर. साहेबाने वाकून पाहिलं, बोट फिरवलं, मान हलवली. मग चाचांनी पत्र्याची कड धरून एक झटका दिला. मागचं टोक सुटून चार बोटं वर आलं.

साहेबाच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. ज्या विमानात तो स्वतः कितीदा बसून गेला होता तेच हे विमान.

"आता उन्हातला," मी म्हणालो.

पत्रा काढून विमानाशेजारी उन्हात ठेवला. सगळे त्याच्याभोवती पंगतीला बसल्यासारखे बसून राहिले. साहेबाने घाईने त्याला हात लावला आणि इंग्रजीत असं काही बोलला की त्याचं भाषांतर मी केलं नाही.

"काय म्हन्ते?" एकाने विचारलं.

"म्हणतो, तापला आहे," मी म्हणालो. सगळे खो खो हसले. साहेबही हसला.

चाचांनी हाताला जाड गोणपाट गुंडाळलं आणि पत्रा उचलला. तो जागेवर गेला तो डबीचं झाकण बसावं तसा. सळईला कोणी हात लावला नाही. टक्. टक्. टक्. शेवटपर्यंत एकही फिरकी मुकी राहिली नाही. चाचांनी कड धरून झटका दिला. विमान हललं, पत्रा नाही.

साहेब सरळ उभा राहिला. "चाचणीचं उड्डाण करू," तो म्हणाला. "आमच्यात एक रीत आहे. दुरुस्ती करणारा सोबत जातो."

मी चाचांना सांगितलं. ते आयुष्यात अकोल्यातल्या दोन मजली माडीपेक्षा उंच कधी चढले नव्हते. त्यांनी रुमाल डोक्याला घट्ट बांधला आणि म्हणाले, "साहेबाले सांग, त्यानं नसतं म्हटलं तरी मी बसलोच असतो."

विमान धूळ उडवत गेलं आणि उठलं. ते लहान होत होत पूर्वेला वळलं. चाचांची आठही माणसं एकाच ओळीत, कपाळावर हात धरून उभी होती. कोणाचे ओठ हलत होते. मीही मनात काहीतरी पुटपुटत होतो. वडिलांकडून आलेले मंत्र त्या दिवशी पहिल्यांदा मनापासून म्हटले. साहेब दुर्बीण लावून होता. विमानाने तळावर दोन घिरट्या घातल्या, नाक खाली करून वेगाने आलं, परत वर गेलं. नाक खाली येताना एकाने माझा दंड इतका घट्ट धरला की रात्री तिथे वळ उठलेला दिसला.

मग ते उतरलं.

आम्ही धावलो. साहेबही धावला, टोपी हातात धरून. पत्रा जागच्या जागी होता. साहेबाने एकेक फिरकी स्वतः तपासली, सगळ्या तशाच घट्ट. वैमानिकाने अंगठा वर केला. चाचा खाली उतरले, दोन पावलं चालले आणि जमिनीवर बसले. रुमाल सुटून गळ्यात आला होता.

"काय चाचा, कसं होतं?" सगळे एकदम ओरडले.

"अबे, अकोलं एवढंसं हाय!" त्यांनी तळहात दाखवला. "सगळे जीन-कारखाने काड्यापेटीसारखे. माह्या जुन्या मालकाचा बंगला तं दिसलाच नाही!"

त्यांना खांद्यावर उचललं ते निंबापर्यंत नेलं. साहेबाने माझा हात हातात घेतला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "तुमच्या कॉलेजाला माझे आभार कळवा." मी ते कळवलं. माझ्या प्राध्यापकांना आणि नांदगावच्या गुरुजींनाही. वडिलांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "म्हणजे विद्या फुकट गेली नाही." त्यांच्या तोंडून याहून मोठी शाबासकी मी ऐकली नाही.

नवा नियम लागला. पत्रा विमानासारखा तापू द्यायचा आणि मगच लावायचा. सळई वापरायची नाही, आवाज आल्याशिवाय फिरकी बंद मानायची नाही. हातांसाठी चाचांच्या घरून जाड कापडाचे, कापूस भरलेले पंजे शिवून आले. त्यानंतर माझ्या तिथल्या काळात एकही पत्रा सुटला नाही.

बाहेरची तुकडी मात्र तारेप्रमाणे आलीच. थंड मुलखातली, उंच, गोरीगोमटी माणसं, पेट्या घेऊन लॉरीतून उतरली. आपण कोणाच्या तरी जागी आलो आहोत असं त्यांना वाटत होतं. साहेबाने त्यांना विमानाशेजारी उन्हात उभं केलं आणि सांगितलं, आठवडाभर मिस्त्रींकडून शिका, मग दुसऱ्या तळावर जा आणि तिथल्यांना शिकवा.

चाचांनी कापसाचे पंजे घातले, पत्रा उचलला आणि घसा खाकरला.

"पंडत, यायले सांग," ते म्हणाले. "कान उघडे ठेवा. डोये नंतर."

मी सांगितलं.